भरिताचा वास आणि आबा

आज सकाळी जळगावात शेजारच्या अंगणात कुणीतरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, आणि मी मनानं धुळ्याच्या दवाखान्यातल्या त्या वॉर्डात जाऊन पोचलो.

तेव्हा मी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होतो. मेंदूज्वरानंतर आबा, माझे वडील, छताकडे बघत पडून होते. कुणाची ओळख नाही. मेंदूच्या आतल्या कड्याला मार बसलाय, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. ग्रंथालयातल्या एका जुनाट पुस्तकात मला सापडलं, की हे कडं वास घेण्यासाठी असतं. मग वासानंच ते जागं होईल! माझ्या मायला पाचोऱ्याच्या घरून भरीत आणायला लावलं, काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं. डबा उघडून आबांच्या नाकाशी धरला.

"आबा, वास घ्या. घ्या ना हो!"

आबांनी खोल श्वास घेतला. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बोट करून मायला विचारलं, "हाऊ कोन शे?"

आता मी डॉक्टरकीच्या मुलांना हेच शिकवतो. ते कडं आधी वासाचं मानलं, मग भावनांचं, मग त्यातलाच एक भाग आठवणींचा निघाला. आता म्हणतात, भावनांचं असं वेगळं घरच नाही. "सर, मग खरं काय?" मुलं विचारतात. मी फळा पुसतो.

पुढे नऊ वर्षं, घरी भरीत झालं की आबा रडायचे, आणि पहिला घास माझ्यापुढे धरून अदबीनं म्हणायचे, "ल्या ना, डॉक्टरसाहेब."