मावशींच्या गाण्यांचा नवा पत्ता

गेल्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, मोफत वेबसाइट देणाऱ्या कंपनीचा ईमेल आला. सेवा एप्रिलअखेर बंद होणार होती. त्यानंतर तिथली सर्व पाने आणि फायली काढून टाकल्या जाणार होत्या.

माझी वैयक्तिक साइट त्या कंपनीकडे होती. वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी ती स्वतः तयार केली होती. उरण-पनवेलच्या जुन्या बातम्या, काही टिपणे, थोडी छायाचित्रे. ती पाहायला फारसे कोणी येत नसे. मात्र एका पानावर बारा गाणी होती आणि इस्रायलमधल्या एक बाई ती दर शुक्रवारी ऐकत होत्या.

पनवेलजवळच्या करंजाडेतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू कुटुंब, मूळचे कोकणातले. मावशी बँकेतून निवृत्त झाल्या. भावंडे एकेक करून इस्रायलला गेली, त्या इथेच राहिल्या. त्यांच्या आईच्या आवाजातली मराठी लग्नाची गाणी एका कॅसेटवर होती. ती मी उतरवून साइटवर ठेवली होती. मावशींच्या थोरल्या बहिणीला आता जवळजवळ दिसत नाही. तिच्या मुलीने टॅबवर एक मोठे चिन्ह करून दिले होते. ते दाबले की पान उघडायचे आणि पहिले गाणे सुरू व्हायचे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागतो. त्याआधी, दुपारी, ती गाणी ऐकायची.

ईमेल मी मावशींना वाचून दाखवला.

“म्हणजे ते बटण मरणार?” त्यांनी विचारले.

“जुना पत्ता बंद होणार. नवा पत्ता घेतला की टॅबवर तो एकदा घालावा लागेल.”

“तिला नाही जमायचं. मुलगी दुसऱ्या गावात असते. एप्रिलच्या मध्याला आईकडे येणार आहे, मग थेट आपल्याकडच्या पावसाळ्यात.”

एप्रिलच्या मध्यापर्यंत साइट नव्या पत्त्यावर सुरू व्हायला हवी होती. आणि तो पत्ता पुन्हा बदलणार नाही असा हवा होता.

पहिली चौकशी पनवेल स्टेशनजवळच्या एका दुकानात केली. ते लोकांना वेबसाइट करून देतात. दुकानदार तरुण आणि हसतमुख होता.

“ताई, कशाला टेन्शन घेता? नाव, होस्टिंग, डिझाइन, सगळं पॅकेजमध्ये.”

“साइटचं नाव कोणाच्या नावावर नोंदवता?”

“आमच्या. तुम्हाला रिन्यूअलची कटकट नको.”

“आणि उद्या तुमचं दुकान बंद झालं तर?”

“शुभ बोला ना, ताई! अजून भवानी व्हायचीय.”

मी आभार मानून निघाले. नाव त्याच्या नावावर राहिले असते, तर तो पत्ता माझा नसताच.

त्यानंतरच्या आठवड्यात काम दोन भागांत वाटले. साइटचे नाव, म्हणजे डोमेन, एका कंपनीकडे नोंदवायचे. ती रजिस्ट्रार. फायली दुसऱ्या कंपनीकडे ठेवायच्या. ते होस्टिंग. उद्या फायलींची जागा बंद पडली, तरी नाव हातात राहते. ते दुसऱ्या जागेकडे वळवता येते आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणजे बहिणीच्या टॅबला पुन्हा हात लावावा लागणार नव्हता.

जाहिराती बाजूला ठेवल्या. बातमीसाठी फोन करायची सवय होती, तसे फोन केले. प्रत्येक कंपनीला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडून जायचे ठरवले, तर काय करावे लागते? एका ठिकाणी फोन कोणी उचललाच नाही. दुसरीकडच्या मुलीने मोकळेपणाने विचारले, “मॅडम, अजून आलाच नाहीत आणि जायचं काय विचारता?” एका रजिस्ट्रारच्या माणसाने नाव दुसरीकडे नेण्याची पद्धत सांगितली. एक कोड मिळतो, तो कुठे सापडतो, किती दिवस लागू शकतात. एका होस्टिंगवाल्याने सगळ्या फायलींची प्रत कशी उतरवायची ते सांगितले आणि त्याची माहिती असलेले पान तेव्हाच पाठवले. त्या दोन कंपन्या मी निवडल्या. पहिल्या वर्षाची सवलत इतरांकडे जास्त होती.

मावशी हे सगळे ऐकत होत्या. “पत्रकारबाई, वेबसाइट घेताय की चौकशी आयोग नेमलाय?”

नावासाठीही एक चाचणी केली. उरणच्या करंजा बंदरावरून मासळीच्या लिलावाची बातमी मी एके काळी फोनवरून सांगत असे आणि डेस्कवर कोणीतरी ती लिहून घेत असे. तसेच मावशींना खाली फोन केला, नाव एकदाच सांगितले आणि लिहायला लावले. पहिली दोन नावे चुकली. तिसरे त्यांनी बरोबर लिहिले. ते घेतले.

मार्चच्या शेवटी साइट नव्या पत्त्यावर सुरू झाली. मावशींनी आपल्या फोनवर बाराही गाणी तपासली. पत्ता बहिणीच्या मुलीला पाठवला. तिने “ठीक आहे, आले की घालते” असे कळवले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलगी यायच्या आदल्या दिवशी सकाळी, मावशी वर आल्या. फोन हातातच होता.

“अगं, आई गप्प झाली.”

पानाच्या जागी एक सूचना होती. नाव नोंदवणाऱ्या व्यक्तीची खात्री न झाल्याने डोमेन स्थगित केले आहे, असे तीत लिहिले होते. मी रजिस्ट्रारला स्पीकरवर फोन लावला. फोन उचलला गेला.

“मॅडम, व्हेरिफिकेशनचा मेल पाठवला होता. नंतर आठवणही पाठवली. लिंक कोणी उघडली नाही.”

“मेल कोणत्या पत्त्यावर गेला?”

त्याने पत्ता वाचून दाखवला. तो माझ्या वर्तमानपत्राच्या कार्यालयातला होता. निवृत्तीनंतर तो बंद झाला आहे. अर्ज भरताना ब्राउझरने तो रकान्यात आपोआप घातला होता. इतकी वर्षे तोच पत्ता माझा होता. तो डोळ्यांसमोर असूनही खटकला नाही.

“आता काय करायचं?”

“खात्यात लॉगिन करा, ईमेल बदला. ओळखपत्राचा फोटो पाठवा. नवा मेल येईल, त्यातली लिंक उघडा. मी लाइनवर थांबतो.”

तो थांबला. लिंक उघडली. स्थगिती उठली, पण जगभर सगळीकडे पान परत दिसायला एखादा दिवस लागू शकतो, असे त्याने सांगितले.

“एक दिवस म्हणजे उद्या?” मावशींनी मागून विचारले.

“साधारण.”

“साधारण! हा बँकेत असता तर मी याला काउंटरला बसवलं नसतं.”

दुपारी पनवेलमध्ये पान दिसू लागले. इस्रायलमध्ये संध्याकाळपर्यंत दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या मुलीचा संदेश आला. तिच्या फोनवर पान उघडले होते आणि ती आईकडे जायला निघाली होती.

दुपारनंतर फोन आला. मावशींनी तो स्पीकरवर ठेवला. मी त्यांच्या हॉलमध्ये बसले होते. पलीकडून थोरल्या बहिणीचा आवाज आला. मुलीशी बोलणे चालले होते.

“जुन्याच जागी ठेव गं ते. मला पडदाभर हात फिरवायला लावू नकोस.”

“तिथेच आहे, आई. दाब.”

मग गाणे सुरू झाले. पहिल्या कडव्यानंतर कॅसेटमध्ये कोणीतरी खोकते.

“ऐकलंस?” थोरली म्हणाली. “आई गातेय आणि तू खोकतेस.”

“मी नाही. ती तू आहेस,” मावशी म्हणाल्या.

“मी दारात उभी होते.”

“दारात उभं राहून खोकता येत नाही का?”

वाद गाणे संपेपर्यंत चालला. दुसरे गाणे दोघींनी ऐकले.

त्याच आठवड्यात मी नोंदणीतला पर्यायी संपर्क म्हणून बहिणीच्या मुलीचा ईमेल घातला. तिने खात्री करणारी लिंक तासाभरात उघडली. फायलींची एक प्रत होस्टिंगवरून उतरवून मावशींच्या पेन ड्राइव्हवर ठेवली.

जुनी मोफत सेवा एप्रिलअखेर, जाहीर केल्याप्रमाणे बंद झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी थोरल्या बहिणीने घरी एकटी असताना पान उघडले आणि बाराही गाणी ऐकली. तसे तिने रविवारी मावशींना फोनवर सांगितले.