कण्यांतले तांदूळ

मला आता पुस्तकांचा कंटाळा येतो. हे मी कुणाजवळ उघड बोलत नाही, कारण ज्या माणसानं जन्मभर इतिहास शिकवला आणि वर स्वतःची सहा-सात पुस्तकंही लिहिली, त्याच्या तोंडी हे शोभत नाही. पण येतो खरा. वर्ध्यातल्या माझ्या दोन खोल्यांत भिंतीच्या कडेनं पुस्तकं आहेत, खाटेखाली आहेत, आणि बायको होती तेव्हा जिथं मसाल्याचे डबे असत त्या फळीवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. गठ्ठ्यातलं खालचं पुस्तक हवं असलं की मी आधी खुर्चीत बसून विचार करतो, खरंच हवं आहे का. बहुतेक वेळा नको असतं.

जेवणाचंही तेच. दोन्ही वेळा खानावळीतून डबा येतो. सोमवारी आलू-वांगं, मंगळवारी वांगं-आलू. गंमत अशी की ज्या पुस्तकामुळे मी चार लोकांना ठाऊक आहे, ते पुस्तक आमच्या जिल्ह्याच्या जेवणाविषयीच आहे. कापूस आणि ज्वारीच्या या मुलखात माणसं काय खात होती, कधीपासून खात होती, कुठल्या वर्षी काय बदललं, याचा त्यात हिशेबवार शोध घेतला आहे. शाळा-कॉलेजात खाद्यमहोत्सव असला की मला बोलावतात. मी माईकसमोर उभा राहून रोडग्यांवर आणि सरगुंड्यांवर तासभर बोलतो, ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, मग ते लोक मला शाल, नारळ आणि कपभर चहा देऊन वाटेला लावतात. घरी येतो तेव्हा डबा गार झालेला असतो.

पौषात प्रकाशकानं या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासायला पाठवली. पंधरा दिवसांत परत द्यायची होती. दहा दिवस मी त्यांच्यावर चष्मा आणि औषधाच्या पट्ट्या ठेवत होतो. आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायचं म्हणजे आपलीच उष्टी ताटं घासण्यासारखं वाटतं. अकराव्या दिवशी सकाळी नाचणगावहून पुतण्याच्या बायकोचा फोन आला.

"काकाजी, आई काहीच खाऊन नाई राह्यल्या. चार दिवस झाले, निस्तं पाणी घेते. डॉक्टर म्हणे का असंच राह्यलं तर पुन्हा आना, नळीनं पोटात द्या लागन. आई म्हणते, मी आता घर सोडून कुठीच जात नाई. तुम्ही या. तुमचं आयकतीन त्या."

आई म्हणजे तिची सासू, माझी वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. मी तीन वर्षांचा असताना आमची आई गेली, आणि मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या अठरा वर्षांच्या या मुलीच्या पदरात मी पडलो. तिनं मला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, वर्ध्याला शिकायला पाठवलं. माझ्या पुस्तकातला निम्मा मजकूर तिच्याच तोंडचा आहे. आता ती शहाऐंशीची आहे. महिन्यापूर्वी तिला लकवा मारला, उजवा हात गेला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून बारा दिवसांनी घरी आली, तेव्हा हात थोडा हलायला लागला होता, बोलणं नीट होतं. फक्त अन्नावरची वासना उडाली होती.

मी पिशवी घेतली. गाडीत वाचून होतील म्हणून मुद्रितंही घातली. नाचणगावसाठी पुलगावला उतरेपर्यंत एक पान वाचून झालं नव्हतं. मला सारखं एकच दिसत होतं, की दवाखान्याची गाडी दारात आली आहे आणि वहिनी खाटेची दांडी सोडत नाही.

ती अंगणात उन्हात खाटेवर पडली होती. केवढीशी झाली होती.

"आला का बाबू? जेवला का?"

सत्तरी उलटलेल्या माणसाला बाबू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. मी जवळ बसलो. तिच्याजवळ बसलं की माझी भाषाही आपोआप जुनी होते.

"माह्यं राहू दे. तू काऊन खात नाई?"

"चव नाई लागत रे. भात द्या, खिचडी द्या, समदं कागद खाल्ल्यावानी लागते."

"काय खावंसं वाटते ते तरी सांग."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाली, "कण्या."

ज्वारी भरड दळायची, पाखडून पीठ वेगळं करायचं, उरतात त्या कण्या. त्या मऊ शिजवून वर लसणाची फोडणी आणि ताक घालायचं. आमच्या घरी संध्याकाळचं जेवण म्हणजे वर्षानुवर्षं एवढंच होतं. पण पुतण्याच्या लग्नाच्या आधीच घरातल्या कण्या बंद पडल्या होत्या, आणि सून पडली बिचारी पोळी-भाताची.

"म्या तं या घरात कण्या कधी रांधल्याच नाई," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात आहे ना जी?"

होत्या. चांगली साडेतीन पानं होती. तिनं चक्कीवरून ज्वारी भरडून आणली, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून मुद्रितांतून माझं पुस्तक मोठ्यानं वाचू लागलो. ओट्यावर गॅस, गॅसवर कण्यांचं पातेलं, म्हणजे आमच्याकडचा गंज, बाजूला मिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलेली मुद्रितं. माझ्या पुस्तकाचा कुणाला काही उपयोग होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. किती कण्यांना किती पाणी, आच कधी कमी करायची, सगळं मी मोजून लिहिलं होतं. दोन उन्हाळे मी वहिनीच्या चुलीपाशी वही आणि तराजू घेऊन बसलो होतो. ती प्रत्येक गोष्ट मुठीनं सांगायची, आणि मी तिची मूठ तराजूत रिकामी करून वजन लिहायचो. ती तोंडाला पदर लावून हसायची.

सुनेनं पानाच्या तळाची बारीक टीप वाचली.

"'माहिती: नाचणगाव येथील एक वृद्ध गृहिणी.' हे कोन जी?"

"आईच की."

"मंग वहिनी काऊन नाई लिवलं?"

मी तिला समजावलं की शास्त्रात नातं लिहीत नाहीत. आपल्याच घरच्या माणसाची साक्ष काढली की वाचणाऱ्याला भरवसा वाटत नाही. ती "असं का" म्हणाली आणि सराट्यानं कण्या ढवळू लागली.

कण्या झाल्या. फोडणीचा वास अंगणापर्यंत गेला, तशी वहिनी स्वतःहून डोकं उचलून पाहायला लागली. सुनेनं उशीला टेकवून तिला बसवलं. मी वाटी धरली. वहिनीनं एक चमचा घेतला, तोंडात घोळवला, गिळला, आणि मान फिरवली.

"ह्या कोनाच्या घरच्या आहेत?"

"तुह्याच. तू सांगितल्या तशाच केल्या. पुस्तक समोर ठेवून केल्या."

"माह्या नाई ह्या. तांदूळ कुठी आहेत?"

मला आठवलं. तिनं तेव्हाही सांगितलं होतं, कण्या अर्ध्या शिजल्या की मूठभर तांदूळ टाकावेत. मी ते लिहूनही घेतलं होतं. मग घरी येऊन लाल पेन्सिलीनं खोडलं. आमच्या भागात भात सणासुदीचा, पाव्हण्यारावळ्यांचा. रोजच्या गंजात तांदूळ पडायला लागला तो रेशनची दुकानं निघाल्यावर. तेव्हा वहिनीचे मूठभर तांदूळ ही अलीकडची भर, मूळच्या कण्या त्यांच्याशिवायच असणार, असा मी निकाल दिला होता. त्यावर एक परिच्छेदही लिहिला होता, आणि एका परीक्षणात त्याचं कौतुक झालं होतं.

आणि माझी खोड पाहा. चार दिवस उपाशी असलेल्या बाईच्या खाटेवर बसून मी तिला हे सगळं समजावून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं.

"दुकान कायचं घेऊन बसला रे?" ती म्हणाली. "दुकान तं मांगून आलं. तुही माय गेली आन् तू खानंच सोडलं. कण्या तोंडात घातल्या का थुंकून देत होता. तीन दिवस दातावर दात ठेवून बसला. तुहा भाऊ वावरात, मले काही सुचे नाई, मीच केवढी होती तवा? मले मायेरून तांदूळ देल्ले होते, आमचा मुलूख धानाचा. म्या त्यातले मूठभर कण्यात टाकले. तू पांढरे पांढरे दाणे येचून खाल्ले. दाण्यासंगं कण्याई गेल्या पोटात. मंग दर साली मायेरी गेली का पोटली बांधून आनत होती."

"हे तू मले कधी सांगितलं नाई वहिनी."

"तू इचारलं कवा? तू मूठ मोजून राह्यला होता."

ती थकून पुन्हा आडवी झाली. मी वाटी हातात धरून तसाच बसलो. मला लाज वाटली. मग रडू आलं, आणि या वयात अंगणात रडणं बरं दिसत नाही म्हणून नाक शिंकरायच्या निमित्तानं विहिरीकडं गेलो. भंडाऱ्याकडच्या माहेराहून वर्ध्याकडं बायकांच्या पदराला बांधून येणाऱ्या तांदळाची नोंद कुठल्या दप्तरात असणार? मी रेल्वेचे अहवाल पाहिले होते, बाजारपेठांची कागदपत्रं चाळली होती. माझ्या स्वतःच्या पोटात गेलेले तांदूळ तेवढे मला सापडले नव्हते. आणि ज्या गोष्टीनं मी जगलो ती मी नंतरची भर म्हणून पुस्तकातून काढून टाकली होती.

परत आलो तर सून पुन्हा कण्या शिजत टाकून तांदळाचा डबा घेऊन अंगणात उभी होती.

"आई, किती टाकू?"

"गंज आन इकडे."

तिनं चिंध्यांनी धरून वाफाळता गंज आणला आणि खाटेजवळ टेकवला. वहिनीनं उजवा हात डब्यात घातला. बोटं वळेनात. मूठ अर्धीच झाली आणि वर आणेपर्यंत दाणे बोटांच्या फटीतून खाली सांडले. मी पुढं झालो.

"राहू दे. तुही मूठ नाई चालत."

पुन्हा हात घातला. तिच्या कपाळावर घाम आला होता. एका मुठीचं काम तिनं तीन वेळा केलं, तेव्हा गंजात मूठभर तांदूळ पडले. खाली सांडलेले दाणे मी एकेक करून वेचले आणि तळहातावर घेऊन बसलो. त्यांचं काय करायचं मला कळेना. मग खिशात टाकले.

तांदूळ शिजेपर्यंत मी पिशवीतून पेन काढलं आणि मुद्रितं गुडघ्यावर घेतली. रेशनच्या दुकानावरचा अख्खा परिच्छेद खोडला. कण्या अर्ध्या शिजल्यावर मूठभर तांदूळ, असं समासात लिहिलं, आणि वजन लिहिलं नाही. मग तळाच्या टिपेतली वृद्ध गृहिणी खोडून तिथं लिहिलं: माझी वहिनी. तिनं मला वाढवलं. शास्त्रात बसत नाही. प्रकाशक फोन करेल, मी सांगेन की छाप.

"काय खोडून राह्यला?" वहिनीनं विचारलं.

"चूक झाली होती."

"मंग ते मांगून करजो. पुस्तक कुठी पळून जात नाई. कण्या थंड होतीन."

सुनेनं दोन वाट्या आणल्या होत्या. एक वहिनीची, एक माझी. वहिनीनं आपल्या वाटीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडं पाहत होती.

"पह्यले तू खा," ती म्हणाली. "आन् तोंड वाकडं नको करू."

मी चमचा भरला. दोन पांढरे दाणे वर आले होते, ते आधी खाल्ले. मग त्यांच्यामागून कण्या खाल्ल्या. गिळेपर्यंत ती बघत राहिली. मग सुनेनं चमचा पुढं केला आणि वहिनीनं तोंड उघडलं.