सदतिसावी फ्लॉपी

सरांच्या फ्लॉप्या मी भंगारात घातल्या, हे त्यांनी विचारल्यावरही सांगायला मला पाच आठवडे लागले.

माझं काम उद्यमनगरातल्या जुन्या मशीनांचं. तीस-तीस वर्षांची यंत्रं अजून ठणठणीत चालतात, पण त्यांना लागणाऱ्या फ्लॉप्या आता मिळत नाहीत. मग फ्लॉपीच्या जागी मी एक छोटी डबी बसवते. तिच्यात पेन ड्राइव्ह खोचायचा. पुढं दोन बटणं आणि लाल आकडे. बटण दाबून पाच आकडा आणला, की यंत्राला वाटतं पाचवी फ्लॉपी घातली.

सर माझ्या वडिलांचे स्नेही. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध. मोबाइल ते माझ्यापेक्षा सफाईनं वापरतात. तरी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात एक जुना कॉम्प्युटर होता, पडद्यावरचं खरखरीत आवाजात वाचून दाखवणारा. तो त्यांना सोडवत नव्हता, कारण बाईंचं लिहिणं त्यात होतं.

बाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या रोज संध्याकाळी दिवसभरात काय पाहिलं ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून ठेवायच्या. रंकाळ्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं होतं, शेजारणीच्या नव्या साडीचे काठ कसे होते, मुरगूडला माहेरी गेल्यावर एसटीच्या खिडकीतून काय दिसलं. सर ते सकाळी ऐकायचे. अशा सदतीस फ्लॉप्या भरल्या. मग बाई गेल्या. सर तरीही रोज सकाळी एकेक ऐकत राहिले.

कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. फ्लॉप्यांना बुरशी लागायला लागली होती. मी खोका घरी आणला, सगळं पेन ड्राइव्हवर उतरवलं. प्रत्येक फ्लॉपीवर सरांनी ब्रेलची पट्टी चिकटवली होती. मी त्या टिपक्यांवरून बोटसुद्धा फिरवलं. आणि आता यांचा काय उपयोग, म्हणून खोका माझ्या दुकानातल्या भंगाराबरोबर देऊन टाकला. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

डबी बसवल्यावर सरांनी तिच्यावरून हात फिरवला. "कुठला नंबर आलाय, हे मला कळायचं कसं गं?"

"मोजायचं सर. एकदा दाबलं की एक पुढं."

हे मी चपला घालता घालता म्हणाले.

तीन आठवड्यांनी फोन आला. "पोरी, सदतीस नंबरात कायच न्हाय."

झालं असं होतं, की सरांना काही नवं लिहायचं होतं. सदतीस ऐकून झाल्यावर त्यांनी बटण एकदा दाबलं आणि अडतीस ही कोरी जागा समजून ती फॉरमॅट केली. पण ते दाबणं लागलंच नव्हतं. आकडा सदतीसच राहिला होता. बाईंचे शेवटचे काही महिने पुसले गेले.

"जुनी फ्लॉपी हाय न्हवं तुझ्याकडं? तीवरनं परत घे की."

"आहे सर. बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं गेले. माल कधीच पुढं गेला होता. पेन ड्राइव्हची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. पुसलेलं परत आणायचा जमेल तेवढा खटाटोप केला, एक ओळ हाती लागली नाही.

मग डोळ्यांवर ओढणी बांधून तसलीच एक डबी पुढ्यात घेऊन बसले. दहा मिनिटांत माझी मोजणी चुकली. बटणं काढून मी टकटक करत फिरणारी खुंटी बसवली. छोटा स्पीकर जोडला. खुंटी फिरवली की नंबर बोलायचा. हे सगळं करायला पाच आठवडे गेले. दर आठवड्याला सर विचारायचे, "सापडली काय?" मी म्हणायचे, "काम चालू आहे." डबी बोलती झाली की मग सांगू, अशी मी माझी समजूत घालत होते.

नवी डबी बसवली. सरांनी खुंटी फिरवली. 'बारा', 'तेरा' ऐकून ते हसले. "हे आधी का न्हाय केलंस?"

तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यांनी खुंटीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "फ्लॉपी गेली, ते जाऊ दे. चूक माणसाकडनंच हुती. पण पाच आठवडं मी आशेवर बसलो. रोज सकाळी वाटायचं, आज येतंय. त्याचं काय?"

मी हत्यारं पिशवीत भरायला लागले.

"जुन्या नंबरांना कुलूप घाल," ते म्हणाले. "परत पुसता येता कामा न्हाय." मी ते तिथंच बसून केलं. प्रतीही दोन काढल्या, एक त्यांच्या कपाटात ठेवली.

दोन महिने त्यांचा फोन आला नाही. मग एका सकाळी आला. हातकणंगल्याला त्यांचे एक अंध मित्र होते, त्यांच्याकडंही तसलाच कॉम्प्युटर होता. आम्ही दोघं गेलो. डबी मी बसवली, पण ती चालते की नाही हे सरांनी ठरवलं. दोनदा त्यांनी मला आवाज वाढवायला लावला.

परत आल्यावर ते कॉम्प्युटरपुढं बसले. सदतीसमधलं जेवढं पाठ होतं, तेवढं आठवून पुन्हा टाइप करायला त्यांनी सुरुवात केली होती. बाईंच्या लिहिण्यातले अकरा दिवस टाइप करून झाले होते. बाराव्यात ते अडखळले, पुटपुटले, थांबले.

"मी टाइप करू का सर? तुम्ही नुसतं सांगा."

"नको," ते म्हणाले. "तू चहा ठेव."