भट्टीत गेलेले देव

आईची नजर गेली तेव्हा तिने फार गाजावाजा केला नाही. काचबिंदू वर्षानुवर्षं डोळ्यांच्या कडांनी आत सरकत होता; शेवटी त्याने मधलाही भाग घेतला. आता तिला उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळतं आणि कोणी आडवं आलं तर सावली कळते. स्वयंपाकघर तिने माझ्या बायकोला देऊन टाकलं, टीव्ही ही ऐकायची वस्तू आहे असं जाहीर केलं, आणि देवपूजा मात्र कोणाच्या हाती दिली नाही. नर्मदेकाठच्या आमच्या हिंदी शहरात, राइट टाउनमधल्या घरात, देव्हारा म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. रोज आंघोळ करून ती भिंतीला हात लावत तिथपर्यंत जायची आणि तासभर बसायची.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यामुळे देवांबद्दल माझी माहिती भरपूर आणि भक्ती बेताची.

त्या कोनाड्यात तीन टाक आहेत. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले, आगपेटीएवढे कुळाचे देव: एक खंडोबा, एक देवी आणि एक वीर. वीर म्हणजे कुळातला कोणी लढाईत पडलेला पूर्वज. त्याचं नाव घरात कोणाला माहीत नाही, आणि लढाई कोणती ते इतिहास शिकवूनही मला सापडलेलं नाही. हे टाक रोज ताम्हनात घेऊन घासायचे, पुसायचे, त्यांना गंध लावायचं. आमच्या घरच्या चार पिढ्यांच्या सुनांनी ते इतके निष्ठेने घासले की देवांचे चेहरेच निघून गेले.

मागच्या थंडीत एका सकाळी आईने हाक मारली. तिच्या दोन्ही हातांत एकेक टाक होता.

"यातला खंडोबा कोणता रे?"

खंडोबा घोड्यावर असतो, मागे म्हाळसा. वीरही घोड्यावर असतो, पण एकटा. मी चष्मा लावला, काढला, टाक खिडकीपाशी नेले. दोन्हीकडे घोड्याच्या जागी एकेक गुळगुळीत उंचवटा होता. डोळस माणसाला जेवढं करता येतं तेवढं मी केलं.

"दोघांतला एक खंडोबा आहे," मी म्हणालो.

"ते मले बी माहीत आहे."

तिने दोन्ही टाक ताम्हनात ठेवले. "बोटाले आतापर्यंत थोडं तरी लागत होतं. आता नाही लागत. खंडोबाचा भंडारा पुरखाले लावू, अन् पुरखाचा निवद खंडोबाले दाखवू? घरच्या माणसाले न ओळखता जेवाले वाढणं झालं ते."

दुसऱ्या दिवशी ती पूजेला उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिने अंथरुणात चहा मागितला. साठ वर्षं पूजेआधी पाण्याचा घोट न घेतलेली बाई अंथरुणात चहा पिताना पाहून मला जी भीती वाटली, ती तिची नजर गेली तेव्हाही वाटली नव्हती. पंधरा दिवसांत ती भिंतीकडे तोंड करून दुपारीही झोपू लागली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, उत्तम आहे.

मग मी शिकलेल्या माणसाप्रमाणे उपाय केला: दुकानात गेलो. दुकान काचेचं, दारात वर्दीतला माणूस सलाम ठोकणारा. आतल्या मुलीने मखमली तबकात टाक मांडले आणि ते ज्या कपाटातून काढले त्याला 'गॉड्स कलेक्शन' म्हणाली. मी तीन घेतले, चकचकीत. आईने एकेकावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा पहिल्यावरून.

"तिघं बी एका मशीनीतून निघालेले. तोंडं सारखीच. देवीले मिशा लावायच्या तेवढ्या राहिल्या," ती म्हणाली. "बिस्किटं आहेत ही. परत देऊन ये."

मग तिलाच आठवलं की सराफ्यात एक मराठी सोनार आहे. त्याच्या वडिलांनी माझ्या काकूचे टाक हाताने घडवले होते. मी गेलो. मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, तीन पायऱ्या उतरून जायच्या खोलीत तो बसला होता. साठीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, हातात तुटलेलं पैंजण.

"देव नाही करत, भैया. पैंजण, बिछिया, वाळे, काही असेल तर बोला."

"का नाही करत?"

"बस, नाही करत," म्हणून त्याने पैंजणावर मान खाली घातली.

घरी येऊन सांगितलं, तेव्हा आईने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

"हात थरथरते का त्याचा?"

"नाही."

"मंग ऑटो बोलाव."

त्या तीन पायऱ्या ती माझा खांदा धरून उतरली आणि गादीवर त्याच्यासमोर बसली. कमरेची पिशवी सोडून तिने तिन्ही झिजलेले टाक मांडले. सोनाराने ते पाहिले आणि दोन्ही हात मागे घेतले. तिला ते दिसलं नाही, पण कळलं असावं.

"भाऊ, मी आंधळी आहे. तुमचं तोंड मले दिसत नाही. काय झालं ते सांगून टाका."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि सांगितलं. मध्येमध्ये हिंदीत जात, पैंजणाची एक घुंगरी बोटांत फिरवत सांगितलं.

त्याच्या घराण्यात देवीची आण होती. नवा टाक घडवला की घरचा झिजलेला टाक सोनाराने घ्यायचा आणि नर्मदेत सोडायचा. जुना देव भट्टीत घालायचा नाही. वडिलांनी मरताना त्याच्याकडून हे एवढंच वदवून घेतलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्याकडे एका मोठ्या देवस्थानाच्या चांदीच्या मखराचं काम आलं. नवरात्र तोंडावर, समितीची माणसं रोज दारात, आणि चांदी कमी पडली. कपाटात पत्र्याचा डबा होता. त्यात नऊ घरांचे जुने देव, नर्मदेवर न्यायचे राहिलेले.

"घातले, काकू. एका दुपारी सगळे घातले."

त्या मखराचं लोकार्पण मला आठवत होतं. मीही गेलो होतो. जेवण चांगलं होतं. तीन मंत्री येणार होते, एक आला. देवाला पहिला हार पडण्याआधी त्याला सात पडले, आणि तोवर देव नव्या मखरात बसून वाट पाहत होता. कोणाच्या घरचे देव वितळून ते मखर उभं राहिलंय हे मांडवात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला त्या दिवशी शाल दिली होती.

"मला वाटलं, आता काही तरी होईल," तो म्हणाला. "हात भाजेल. दुकान बसेल. कुछ नहीं हुआ. मग एक देवी करायला घेतली. नाक आलं, मुकुट आला, आठी हात आले. पण डोळे उठेनात. म्हणजे डोळे होते, बघत नव्हते. सात वेळा पत्रा फेकला. मग देवाचं काम सोडलं. त्या हातानं आता पायातलेच दागिने करायचे, म्हटलं."

मी मनातल्या मनात चष्म्याचा नंबर, वय, मनावरचं दडपण अशी कारणं ओळीने मांडली. सगळी बरोबर होती. त्या खोलीत त्यांचा काही उपयोग होत नव्हता, एवढंच.

आईने विचारलं, "काम सोड म्हणून देवीनं सांगितलं होतं का?"

"नाही."

"मंग कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"अस्सं." आणि इथे ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. "एकदा तिचं नाही ऐकलं ते भट्टीत घातलं तवा. अन् तिनं हातात दिलेलं काम सोडून तवापासून रोज नाही ऐकून राहिला. बारा वर्षं! लोकायचे देव झिजून राहिले, अन् तू पैंजण जोडत बसला. शिक्षा देणं तिचं काम आहे ना रे? ते बी तूच घेतलं? मोठा आला!"

सोनाराच्या हातातली घुंगरी खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि लवकर वर आला नाही.

"ज्यायचे देव होते, त्यायले सांगितलं?"

"नाही, काकू."

"घरं माहीत आहेत?"

"नऊच्या नऊ."

"चलो, मंग आधी तिथं जाय. माझे नंतर. मी काही लगेच मरून नाही राहिली." तिने तिन्ही टाक त्याच्याकडे सरकवले. "हे इथंच राहू दे. नवे झाले की तूच नर्मदेत सोडशील."

एकट्याने जायचा त्याला धीर नव्हता, म्हणून तीन रविवार मी त्याला स्कूटरवर घेऊन हिंडलो. दारात तो जे सांगायचा ते मी नऊ वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी तेच शब्द, आणि एकदाही त्याने मखराचं, समितीचं, घाईचं नाव घेतलं नाही. मी मध्ये पडून ते सांगायला गेलो तर माझा दंड धरायचा. पहिल्या घरी एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि आत सांगून त्याला पाणी आणवलं. दुसऱ्या घरी एका बाईंनी गल्ली गोळा होईल एवढ्या शिव्या दिल्या. एकांनी दार लावून घेतलं. एका घरी तरुण जोडपं होतं. मुलगा ऐकून म्हणाला, "टाक? वो क्या होता है, अंकल?" शिव्या सोनाराने मान खाली घालून घेतल्या होत्या, या प्रश्नावर मात्र तो परत येताना स्कूटरच्या मागे बसून रडला. प्रत्येक दारात त्याने शेवटी सांगितलं की नवे करून आणून देईन. कोणी हो म्हटलं, कोणी काहीच म्हटलं नाही.

मग आमचं काम सुरू झालं. रोज दुपारी कॉलेज सुटलं की मी आईला घेऊन सराफ्यात जायचो.

या कामाविषयी मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि समोर बसणं यात किती अंतर असतं हे मला पन्नाशीनंतर कळलं. राळ तापवून लाकडी पाटावर तिची मऊ गादी करतात, तिच्यावर चांदीचा पत्रा उपडा बसवतात, आणि बोथट टोकांच्या बारीक हत्यारांनी पाठीमागून ठोकत जातात. म्हणजे सोनार काम करतो ते देवाच्या पाठीवर. चेहरा पलीकडे असतो, राळेत तोंड खुपसून, आणि घडवणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतात ते खड्डे. नाकासाठी खड्डा, गालासाठी खड्डा, डोळ्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. ठोका एक केसभर जास्त पडला तर पत्रा फाटतो.

मी मदत म्हणून मोबाइलचा टॉर्च धरला. "बंद करा, भैया, चमक मारते," तो म्हणाला. माझी मदत तिथेच संपली.

मधूनमधून तो राळ गरम करून पत्रा सोडवायचा, पुसायचा आणि आईच्या हातात द्यायचा. साठ वर्षांपूर्वी ती नवी सून म्हणून आली तेव्हा खंडोबाचे जे नाकडोळे तिच्या बोटांना लागत होते, ते तिच्या बोटांत शाबूत होते.

"म्हाळसा जरा मागं बसते. एवढी चिटकून नाही बसत."

"अच्छा. आणि घोडा?"

"घोड्याची मान वाकडी होती. लगाम ओढल्यासारखी."

तो पुन्हा पत्रा उपडा घालायचा. ठोकताना डोळे मिटून घ्यायचा, हे मी चौथ्या दिवशी पाहिलं. एकीला दिसत नव्हतं, दुसरा पाहत नव्हता, आणि मी, एकटा डोळस, कोपऱ्यात स्टुलावर निरुपयोगी बसलो होतो. सातव्या दिवशी त्याने देवीचा पत्रा सोडवला, उलटला आणि हातातच धरून बसला. मला वाटलं फाटला. मी उठून पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा होता, आणि तो आमच्याकडे बघत होता. ही वाक्यरचना मी विद्यार्थ्याच्या पेपरात खोडली असती. पण दुसरी कोणती लिहू? काल तिथे धातू होता, आज तिथून कोणीतरी बघत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याला मी अजून कारण दिलेलं नाही.

खंडोबा झाला, देवी झाली. वीर उरला.

"काकू, वीराचा चेहरा कसा होता?"

"माहीत नाही रे. मी आली तवाच झिजून गेला होता. सासूबाईनं बी नव्हता पाहिला."

सोनाराने जुना टाक बराच वेळ चिमटीत धरला. मग म्हणाला, "दोन दिवस येऊ नका."

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तिन्ही टाक पाठीला तांब्याचा पत्रा बसवून, घासूनपुसून पाटावर उपडे ठेवले होते. कोणता कोणता ते त्याने सांगितलं नाही. आईने पहिला उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "देवी." दुसरा उलटून बोट टेकताच म्हणाली, "या या, मल्हारी."

तिसऱ्याला तिने वेळ लावला. घोड्यावरून बोट वर गेलं, खांद्यावरून गळ्याशी, गळ्यावरून हनुवटीशी. तिथे थांबलं. कपाळापर्यंत जाऊन पुन्हा हनुवटीशी आलं. तिने टाक अलगद पाटावर ठेवला, गादीवर थोडी मागे सरकली, आणि खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर घेतला.

सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर ती असा पदर घ्यायची. त्यांतलं शेवटचं माणूस गेल्यापासून, गेली कित्येक वर्षं, मी तिला तसा घेताना पाहिलं नव्हतं.

सोनार हातातली हत्यारं ठेवून उठून उभा राहिला. मीही.