उजव्या हाताची दोन बोटं

क्लॅरिनेट कुणी शिकवलं असं विचारलं, की कंधारची बुद्धप्रिया आधी बापाचं नाव घ्यायची. मारोती लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत मुखेड, लोहा, नांदेड असे फिरून घरी यायचे आणि दुपारची झोप झाली की पोरीला समोर बसवून फुंक कशी धरायची ते दाखवायचे. वरातीत मात्र त्यांनी तिला कधी उभं केलं नाही. वाजवणाऱ्यांकडं लोक कसे बघतात हे त्यांनी उभ्या आयुष्यात सोसलं होतं. तू बसून वाजवशील आणि लोकही बसून ऐकतील, एवढंच ते म्हणायचे.

नांदेडला कॉलेजात असताना तिला शंकरप्पा भेटले. ते देगलूरकडचे, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. त्यांनी तिला नोटेशन वाचायला शिकवलं, युरोपातलं शास्त्रीय संगीत ऐकवलं आणि ते वाजवूनही घेतलं. तिचं वाजवणं रेकॉर्ड करून जर्मनीतल्या एका संगीत विद्यापीठाला पाठवलं तेही त्यांनीच. तिकडून परीक्षेचं बोलावणं आलं, निवड झाली, सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. कंधारच्या बसस्टँडवर तिचा फोटो असलेला फ्लेक्स लागला. मारोती त्याच्याखाली उभे राहून ओळखीच्या माणसांना चहा पाजत होते.

तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की तिथल्या क्लॅरिनेटच्या चाव्यांची मांडणीच वेगळी आहे. विद्यापीठानं तिला वापरायला नवं वाद्य दिलं आणि लहानपणापासून बोटांना लागलेली सवय मोडायला सांगितलं. वर्गातल्या बाकीच्या मुलांचा हात त्या वाद्यावर सातव्या-आठव्या वर्षापासून बसलेला. त्यांना गाठायचं म्हणून बुद्धप्रिया सरावाच्या खोलीत सकाळी शिरायची ती इमारत बंद करणारा माणूस दार वाजवेपर्यंत. हात दुखायचा. बँडवाल्याच्या पोरीनं हात दुखतो म्हणून बसायचं नसतं, असं ती स्वतःलाच बजावायची. प्राध्यापक बाई तिला विश्रांती घ्यायला सांगत. तिला वाटायचं, बाई आपल्याला कमी लेखतात.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, एका संथ रचनेचा सराव करताना उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप आत वळलं. तिनं ते सरळ केलं, पुन्हा वाजवायला लागली, बोटं पुन्हा वळली. महिन्याभरात असं झालं की क्लॅरिनेटला हात लागला रे लागला, की ती दोन बोटं तळव्याकडं दुमडायची. ताट धुताना, पेन धरताना, वेणी घालताना काही नाही.

डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या. हाताला काहीच झालेलं नाही, ते म्हणाले. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगवेगळी जागा असते, अतिसरावानं त्या जागा एकमेकींत मिसळल्यात. काही जणांना थोडा फरक पडतो, पण पहिल्यासारखं वाजवणारे फार थोडे. तिनं इंजेक्शनं घेतली, बाळानं शिकावं तसं एकेक बोट उचलायला शिकली, परीक्षा पुढं ढकलली. शेवटी विद्यापीठानं सहानुभूतीनं, पण स्पष्ट सांगितलं. शिक्षण सुटलं आणि त्याच्याबरोबर व्हिसाही गेला. वाद्य परत करताना वाद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी पेटी उघडून सगळे भाग आहेत ना ते पाहिलं आणि सही घेतली.

घरी तिनं सगळं सांगितलं. आई पंचशीला गरम तेलानं तिचा हात चोळत बसायची. इस्लापूरकडच्या एका वैदूकडंही नेऊन आणलं. मारोती फक्त तिच्याकडं पाहायचे. ती भाकरी मोडायची, स्कूटी चालवायची, मोबाईलवर भराभर लिहायची, ते सगळं ते पाहायचे.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मंडळानं तिचा सत्कार ठेवला. तिनं नको म्हटलं होतं. मंडळाचे शेषेराव बापाकडं आले आणि मारोतींनी परस्पर होकार दिला. हार घातल्यावर शेषेरावांनी माईकवरून, दोन मिनिटं तरी वाजवा ताई, अशी विनंती केली. मारोतींनी आपलं क्लॅरिनेट आधीच जोडून आणलं होतं. तिनं ते ओठांना लावलं. चार सूर निघाले, मग बोटं वळली आणि वाद्यातून किंचाळल्यासारखा आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तिकडचं संगीत असंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती अंगणात तिच्यासमोर येऊन बसले.

"बोटं तर धड हायेत, बाई. खरं सांग. तिथं जमलं न्हाई का तुला?"

"जमत होतं, बाबा."

"मग नापास झालीस का? झाली असशील तर मी काय म्हननार न्हाई. पन खोटं नको बोलू."

तिनं आत जाऊन त्यांचंच क्लॅरिनेट आणलं, नेहमीसारखं धरलं आणि त्यांना तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवायला सांगितली. मारोतींनी तिची करंगळी आणि शेजारचं बोट वाद्यावर दाबून धरलं. तिनं फुंकलं. त्यांच्या बोटांखाली तिची बोटं आत ओढली जाऊ लागली. त्यांनी जोर लावला, तशी ती आणखी ताकदीनं वळली. मारोतींनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"तू न्हाई ना ओढून राहिलीस?"

"न्हाई, बाबा."

त्यांनी हात काढून घेतला. पोरगी खोटं बोलते असं जोवर वाटत होतं, तोवर त्यांना आशा होती. रुसलीय, भ्यालीय, आज ना उद्या वाजवेल. आता त्यांना धरून ठेवायला काही उरलं नाही. ते उठून पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. त्या वर्षी बँडचा मालक बोलवायला आला, तेव्हा दम लागतो म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. पंचशीलेला ठाऊक होतं, दम लागत नव्हता.

बुद्धप्रिया लातूरला आली. जर्मनीला नर्स म्हणून जाणाऱ्या मुलींना जर्मन भाषा शिकवणारा एक क्लास आहे, तिथं ती शिकवते. मुली हुशार आहेत, परीक्षा पास होतात, निघताना पेढे देऊन जातात. शंकरप्पांचा अधूनमधून फोन येतो. तिची चूक कुठली आणि आपली कुठली, हे ते घोळून घोळून विचारतात. तिला ते ऐकवत नाही, म्हणून हल्ली ती फोन घेत नाही.

मागच्या महिन्यात उदगीरच्या एका मुलीनं वर्ग संपल्यावर विचारलं, "मॅडम, तुम्ही तिकडं काय शिकायला गेला होता?"

"भाषा," बुद्धप्रिया म्हणाली आणि फळा पुसायला वळली.