निरोपाचं हिंदी

मकरंद खरवंडीकर आणि जलीलसाहेब यांची पहिली भेट वेलिंग्टनच्या वाऱ्यानं घडवून आणली. हा वारा छत्री उलटी करत नाही, छत्रीवाल्याला उलटा करतो. दोन हजार आठ सालच्या त्या सकाळी सभागृहाच्या दारात मोटारीतून उतरलेले जलीलसाहेब आधी टोपीमागे धावले, मग टोपी त्यांच्यामागे धावली, आणि शेवटी साहेब, टोपी, दाढी आणि एका देशाचं भवितव्य असलेली फाइल असा सगळा ऐवज मकरंदच्या छातीवर येऊन आदळला. मकरंदच्या खांद्यावर मायक्रोफोनच्या वायरींचं भेंडोळं होतं. दोघं त्यात असे गुरफटले, की पहारेकऱ्यांना कुणाला कुणापासून वाचवावं ते कळेना.

"आई गं," मकरंद कळवळला.

दाढीतून आवाज आला, "लागलं का रे?"

जलीलसाहेब तरुणपणी शेतकी शिकायला पुण्यात राहिले होते. मराठी मोडकी होती, पण तिच्यातला पेठी ठसका शाबूत होता. आता ते आपल्या डोंगराळ, लढायांनी पोखरलेल्या देशाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या खोऱ्यात बरीच वर्षं न्यूझीलंडची फौज बंदोबस्ताला होती. तो बंदोबस्त देशाच्या स्वतःच्या पोलिसांकडे कधी द्यायचा, याची ही बोलणी. बरोबरचे तरुण अधिकारी धुमसत होते. हे परके जातो जातो म्हणतात आणि जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा मात्र गोऱ्यांच्या शब्दाची हमी घेऊन आला होता. तारखेशिवाय परतलो तर खोऱ्यात मला कुणी चहासुद्धा विचारणार नाही, असं त्यांनी मकरंदला सांगून टाकलं.

मकरंदचं काम काचेच्या खोलीत बसून दुभाष्यांचे माइक आणि हेडफोन सांभाळण्याचं. पण मराठी मंडळात तो "सध्या आम्ही वाटाघाटीत आहोत" असं खालच्या आवाजात सांगायचा, म्हणजे लोक जवळ सरकून ऐकत. त्याची बायको उर्मिला म्हणायची, "अहो, तुम्ही वाटाघाटीत नाही, वायरींत आहात."

शेवटच्या दिवशी तारीख ठरली. सह्या जेवणानंतर व्हायच्या होत्या. लाल गालांचा, मनानं मोकळा असा फौजेचा कर्नल काचेच्या खोलीत डोकावला. त्याला समारोपाला पाहुण्यांना समजेल असं एक वाक्य हवं होतं. त्या मंडळींना सिनेमांमुळे हिंदी कळतं, हे त्याच्या कानावर आलं होतं. तर 'आता आम्ही निघतो' हे हिंदीत कसं म्हणायचं?

मकरंदचा ऊर भरून आला. वाक्य सोपं होतं: हम जाते हैं. पण ते जिभेवर येईना. भल्या माणसानं निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. जातो म्हणून उठणारा परत येत नाही. एवढ्या मंगल प्रसंगी असलं अभद्र बोलायला कसं शिकवायचं? त्यानं कर्नलकडून घोकून घेतलं, "हम आते हैं."

"स्वीट ॲज," म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास', असं कर्नल म्हणाला आणि वाक्य पुटपुटत गेला.

समारोपाला तो उठला, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हम आते हैं."

दुभाष्याची गरजच पडली नाही. तरुण अधिकाऱ्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एकजण उठून उभा राहिला. कर्नलला वाटलं, उच्चार चुकला. त्यानं तेच वाक्य आणखी सावकाश, आणखी मोठ्यानं म्हटलं.

जलीलसाहेबांना क्षणभर हसू फुटलं. पुण्याच्या घरमालकिणीकडून त्यांनी हा 'येतो' शेकडो वेळा ऐकला असणार. पण खुलासा त्यांनीच केला असता, तर म्हातारा पुन्हा गोऱ्यांची वकिली करतो, असं त्यांच्याच माणसांनी म्हटलं असतं. त्यांनी हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं आणि माइकवर विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" विचारलं कर्नलला, पाहिलं काचेच्या खोलीकडे.

मकरंदच्या समोरच माइक होता. बटण दाबून एक वाक्य बोलायचं, की बाबांनो, ही आमच्याकडची निरोपाची रीत आहे. सगळं सभागृह हसलं असतं. पण त्याला कंत्राट दिसलं, मॅनेजरचा चेहरा दिसला, उर्मिलेचं हसू दिसलं. तो वाकला आणि टेबलाखालची एक ठणठणीत वायर तपासू लागला.

"चूक माझीच आहे," कर्नल म्हणाला. त्यानं नाव घेतलं नाही. सह्या पुढे ढकलल्या गेल्या.

संध्याकाळी जलीलसाहेबांनी त्याला जिन्यात गाठलं. "मकरंद, तूच ना रे तो?"

"नाही साहेब. मी वायर बघत होतो."

म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच हातानं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

घरी मराठी मंडळातली माणसं बातमी ऐकायला जमली होती. मकरंदनं कर्नलच्या हिंदीची हुबेहूब नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले. उर्मिला हसली नाही. कर्नलला ते वाक्य कुणी दिलं, असं तिनं विचारलं, आणि तो पाणी प्यायला आत गेला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका देशात त्याच करारावर सह्या झाल्या. जलीलसाहेबांच्या जागी शिष्टमंडळाचे प्रमुख दुसरेच कुणी होते.