मार्जच्या रायफलीत अडलेलं काडतूस

रायफल पुन्हा अडली. मार्जने ती रेंजवरच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"दिलीप, तुमच्या डायपेक्षा माझा नवरा बरा. तो निदान कधीकधी काम करतो."

हँक हसला. मला हसू आलं नाही.

हँक माझा बॉस. मिशिगनमधला त्याचा छोटा कारखाना रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्या हौशी लोकांसाठी डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवायचा. मार्ज निवृत्त डेंटिस्ट, रायफल क्लबची सेक्रेटरी. सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठीचे आमचे नवे डाय क्लबने ट्रायलवर घेतले होते. ते परत आले की ती लाइन बंद. मला ठेवलं होतं ते त्याच लाइनसाठी. नोकरी गेली की मागोमाग व्हिसाही.

हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. २००३ साल होतं. नोव्हाय गावात कारचे दरवाजे बनवणाऱ्या प्रेस शॉपमधून ले-ऑफ झाल्यावर हीच एक नोकरी मिळाली. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर "टूलिंगमध्ये आहे" म्हणायचो. बायकोला, मेधालाही, अर्धंच सांगितलं होतं. आपण बनवतो त्यातून शेवटी गोळीच सुटते, ही टोचणी अजून गेलेली नाही. पण त्या आठवड्याचा आनंदही खरा होता. तो किती दिवस लपवायचा?

तर भानगड अशी. गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती परत वापरायची तर हातप्रेसने डायमध्ये दाबून मूळ मापाची करावी लागते. साध्या रायफलीत बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा खटका, आपण हाताने बंद करतो, थोडा जोर लावला की चालतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सुटलेल्या गोळीचा गॅस बोल्टला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि स्प्रिंग पुढचं काडतूस आत सारते. स्प्रिंगला मनगट नसतं. पुंगळी केसभर लांब राहिली तरी बोल्ट अलीकडेच थांबतो आणि रायफल अडते.

"काडतुसात दारू कमी पडतेय," हँक म्हणाला. "वाढवायला सांग तिला."

"नको. रिकाम्या पुंगळ्या लांब उडताहेत, म्हणजे गॅस भरपूर आहे. अडतंय ते आत जाताना. दारू वाढवली तर रायफल फुटेल."

"मग डाय चुकलाय."

"आपल्या शॉपमध्ये हाच डाय बरोबर चालतो, हँक." मी मार्जकडे वळलो. "तुमचा प्रेस घेऊन याल?"

"किचनमधला ओटाही उखडून आणू का?"

पण आणला. हलका, अ‍ॅल्युमिनियमचा. आमचा होता बिडाचा, दणकट. आमच्या सूचनापत्रकात लिहिलं होतं तसाच तिने डाय बसवला होता: रिकाम्या प्रेसचा दट्ट्या पूर्ण वर आणायचा आणि डाय त्यावरच्या, पुंगळी धरणाऱ्या पकडीला टेकेपर्यंत फिरवायचा. मी प्रेस खिडकीसमोर धरला. टेकला होता, फटीतून उजेड नव्हता. मग पुंगळी घालून हँडल दाबलं. डाय आणि पकड यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली.

मी जवळजवळ ओरडलोच. दरवाजे ठोकणारे अजस्र प्रेससुद्धा भार आला की जबडा किंचित उघडतात, हे मी वर्षानुवर्षं मोजलं होतं. तेच या चिमुकल्या प्रेसचं होत होतं. तेवढी पुंगळी लांब राहत होती.

"हँक, इकडे ये. बघ!"

तो वाकला. "डॅम," म्हणाला.

डाय जरासा खाली फिरवला. रेघ गेली. पुंगळी माप तपासायच्या गेजमध्ये अलगद बसली.

शनिवारी रेंजवर मार्जने अशा दाबलेल्या पुंगळ्यांच्या काडतुसांनी रायफलचं मॅगझिन भरलं. एकामागून एक, न अडता, सगळं मॅगझिन रिकामं झालं. तिने दुसरं भरलं, तेही गेलं. इअरमफ काढून तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला.

"नवऱ्याला सांगते, आता तू डायच्या मागे पडलास!"

क्लबने डाय ठेवून घेतले. लाइन चालू राहिली, मीही राहिलो. सूचनापत्रकात हँकने बदल केला: डाय पुंगळी घालूनच सेट करावा.

मला विचाराल तर, कुठलीही गोष्ट तपासायची ती तिच्यावर भार असताना. रिकामं असताना सगळंच बरोबर टेकतं.